प्रथिनाची घडी कोण घालतं

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहावं असा प्रवास मी केलेला नाही. लोक हिमालयात जातात, परदेशात जातात आणि आल्यावर लिहितात. मी कणकवलीजवळच्या आमच्या गावातून मुंबईला गेलो, आठवडाभर राहिलो आणि परत आलो. आमच्या वाडीतली निम्मी घरं दर गणपतीला हाच प्रवास उलट्या दिशेने करतात आणि त्यांच्यापैकी कुणी त्यावर एक ओळ लिहिलेली नाही. शिवाय आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याआधी घरात जे काही लिहिलं गेलं ते अर्जाखालच्या सह्यांपुरतं. पण कॉलेजचा वार्षिकांक काढणाऱ्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "तू सायन्सचा आहेस, तुला काहीतरी वेगळं दिसलं असेल." वेगळं काही दिसलं असं मला वाटत नाही. जे सगळ्यांना दिसतं तेच मला जरा उशिरा दिसलं.

जाण्याचं कारण असं. परळच्या एका संशोधन संस्थेने बी.एस्सी.च्या मुलांसाठी कार्यशाळा ठेवली होती. विषय होता कॉम्प्लेक्सिटी सायन्स, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांचं शास्त्र, आणि प्रथिनं. शनिवारी मुलाखती होणार आणि त्यातून दोघांना उन्हाळ्यात दोन महिने तिथल्या प्रयोगशाळेत काम मिळणार, विद्यावेतनासह. बाबांनी निघताना सांगितलं, "मामाने काजूच्या कारखान्यात तुझ्यासाठी सुपरवायझरची जागा धरून ठेवलीय. मुंबईवाल्यांनी घेतलं तर पुढे शीक. नाही घेतलं तर मामाला होय म्हण." बाबा फार बोलत नाहीत. म्हणून जे बोलतात ते आमच्या घरी पाळलं जातं.

घोडपदेव, रविवार

वाटेचं वर्णन करत नाही, कारण मी झोपलो होतो. उतरलो तो सहदेवकाकांकडे. हे बाबांचे चुलतभाऊ, प्रभादेवीच्या एका ऑफिसात शिपाई आहेत. त्यांचे वडील गिरणीत होते, त्यांनी घेतलेल्या चाळीतल्या खोलीत काका आणि शालनकाकी राहतात. त्यांचा मुलगा नोकरीसाठी नाशिकला असतो, त्यामुळे मला झोपायला पलंगाखालची जागा मिळाली. गावाला आमच्या पडवीत दहा माणसं झोपतील, पण तिथे कोण झोपलंय ते कुणी बघत नाही. इथे मी कूस बदलली की पलीकडच्या खोलीतले परबकाका खोकून दाद देत.

काकी माझ्या पिशवीतून कोकमं, कुळीथ पीठ आणि फणसाची साठं काढत म्हणाली, "आणि आवशीन मसालो मागवल्यान काय?"

आईने खरोखरच मागवला होता. मालवणी मसाला, पण लालबागचा. कोकणातली बाई मालवणी मसाला मुंबईहून मागवते आणि मुंबईतली बाई कुळीथ गावाहून, आणि दोघींना त्यात काही गंमत वाटत नाही. मला वाटली.

संध्याकाळी काकांनी मला गॅलरीत उभं करून सगळ्यांना दाखवलं. "आमचा पुतण्या. कॉम्प्लेक्सचं सायन्स शिकायला आलाय."

मी "कॉम्प्लेक्सिटी" असं दुरुस्त करेपर्यंत ते जिन्यापर्यंत पोचले होते. हा साधा शब्द होता आणि मी तो घोळ त्याच दिवशी नीट निस्तरायला हवा होता. पण गॅलरीतल्या लोकांनी माझ्याकडे अचानक इतक्या आदराने बघितलं की मला दुरुस्त करवेना.

परळ, सोमवार

संस्थेत जाताना लालबागच्या बाजारातून गेलो. मिरचीच्या वासाने शिंका आल्या. संस्थेच्या फाटकावर मी शिंकत होतो, तेव्हा रखवालदाराने आधी दवाखाना समोर आहे असं सांगितलं.

आत देवधर मॅडम म्हणून होत्या. त्या प्रथिनांवर काम करतात आणि अतिशय सावकाश बोलतात, जणू समोरच्याचं वाक्यही त्यांनाच पूर्ण करायचंय. त्यांनी पहिल्या तासात जे सांगितलं ते जमेल तसं लिहितो.

आपल्या शरीरातली जवळजवळ सगळी कामं प्रथिनं करतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. पण साखळी सरळ असेल तर ती काही कामाची नाही. तिला ठरावीक घडी पडली की मगच ती काम करते. चुकीची घडी पडली तर माणूस आजारी पडतो. आता गंमत अशी की एका साखळीला घडी पडण्याचे इतके प्रकार शक्य असतात की एकेक करून बघायचे म्हटलं तर विश्वाचं वय पुरणार नाही. प्रत्यक्षात साखळी कित्येकदा डोळ्याचं पातं लवायच्या आत योग्य घडीत येऊन बसते. तिला कुणी शिकवत नाही. प्रत्येक भाग फक्त आपल्या आसपास बघतो आणि त्यातून पूर्ण आकार तयार होतो. मुंग्यांची रांग, बाजारातले भाव, शरीरातल्या पेशी, सगळीकडे हाच प्रकार: भाग साधे, हुकूम देणारा कुणी नाही, आणि तरी एकत्र आल्यावर भागांत नव्हतं असं काहीतरी उभं राहतं. मॅडम म्हणाल्या की जीव म्हणतात तो कुठल्या एका रेणूत सापडत नाही, तो या व्यवहारात आहे.

मी ते तसंच उतरवून घेतलं. शेजारी बसलेला गिरगावचा मिहिर काही उतरवत नव्हता. त्याने हळूच विचारलं, "तू हे पहिल्यांदा ऐकतोयस का रे?"

"हो," मी म्हटलं.

"लकी आहेस," तो म्हणाला आणि जांभई दिली. तो चेष्टा करत होता की खरंच म्हणत होता, ते मला आजही माहीत नाही.

पुन्हा घोडपदेव, मंगळवार

चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचा आहे. त्याची सभा मंडळाच्या खोलीत होती आणि मला खास बोलावणं आलं. कमिटीचे सेक्रेटरी तावडे मला पुढच्या खुर्चीवर बसवत म्हणाले, "बिल्डर बोलतो, आमचं कॉम्प्लेक्स असं आणि तसं. आपल्याकडे पण कॉम्प्लेक्सचा माणूस आहे. आता बोलू दे."

मी उभा राहिलो. म्हटलं, "माझा विषय बिल्डिंगचा नाही. मी प्रोटीनचा अभ्यास करतो."

मागून एक तरुण ओरडला, "डब्यातलं का रे? चॉकलेट फ्लेवर चांगला की व्हॅनिला?"

सगळे हसले. तावडे हसले नाहीत. "कॉम्प्लेक्समध्ये प्रोटीन असतं, प्रोटीनमध्ये कॉम्प्लेक्स असतं, आम्हाला काय," ते म्हणाले. "मुद्दा एकच. नव्या बिल्डिंगमध्ये कोणाला कुठली खोली, ते बिल्डर चिठ्ठ्या टाकून ठरवणार. शास्त्र काय बोलतं?"

इथे शहाण्या माणसाने "शास्त्र काही बोलत नाही" म्हणून बसायला हवं होतं. पण मी दोन दिवस जे ऐकलं होतं ते माझ्या डोक्यात अगदी ताजं होतं. मी सांगितलं की प्रथिनाच्या साखळीत जे भाग एकमेकांपासून लांब असतात ते घडी पडल्यावर शेजारी येतात. आता तुमची चाळ बघा. चार नंबर आणि एकतीस नंबर या खोल्या आकड्याने लांब आहेत, पण चौकाच्या दोन बाजूंना समोरासमोर, म्हणून एकतीसवाल्या काकी चार नंबरच्या बाळाचं दूध उतू जातंय का ते आपल्या दारातून बघतात. साखळी तीच ठेवून घडी बदलली तर प्रथिनाचं काम बंद पडतं.

मग तावडे उठून म्हणाले, "ऐकलं? शास्त्र बोलतं, शेजार तोच पाहिजे. चिठ्ठ्या चालणार नाहीत. ठराव लिहून घ्या."

"कसला ठराव?" परबकाका उभे राहिले. "मला शेजार बदलायचाय म्हणून तर मी टॉवरला सही केली. सहदेव पहाटे रेडिओ लावतो. बावीस मजले दिलेत, मला वरचा द्या, ह्याला खालचा द्या."

"अरे, रेडिओ तुझ्या खोकल्यावर उतारा म्हणून लावतो मी," काका म्हणाले.

यापुढे सभेत काय झालं ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. कुणाला जिन्याजवळची माणसं नको होती, कुणाला नळाजवळची हवी होती, दोन जावा एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहायला तयार होत्या पण एका मजल्यावर. मी खाली मान घालून बसलो. आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मला सोमवारचा एक मुद्दा कळला. साखळीतल्या काही अमिनो आम्लांना पाण्याजवळ राहायला चालतं, काहींना अजिबात चालत नाही. न चालणारी आत दडतात, चालणारी बाहेर राहतात, आणि या ओढाताणीतूनच घडी पडते. मी समजत होतो की प्रेमाने जवळ येत असतील.

गिरगाव, बुधवार

मिहिरने जेवायला घरी बोलावलं. त्यांचं घर गिरगावात पिढ्यान्‌पिढ्यांचं. पणजोबा कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते, वडील सी.ए. आहेत. त्याच्या आईने माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव विचारलं आणि मग "म्हणजे तुम्ही...?" असं म्हणून थांबल्या. मी "बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला" म्हटलं. त्या "छान, छान" म्हणाल्या.

जेवण उत्तम होतं. वरणभात, अळूची भाजी, कोथिंबीर वडी, शेवटी पियूष. आमटीत गूळ होता. आमच्याकडे आमटीत गूळ पडला तर कुणाचा तरी हात चुकला असं समजतात, म्हणून मी दोनदा चाखून बघितली. आणि मुख्य म्हणजे मी बराच वेळ भात राखून ठेवला, मासे येतील म्हणून. मिहिरच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "आई, याला वाटतंय अजून काहीतरी यायचंय."

"यायचंय ना, ताक," त्या म्हणाल्या.

मिहिर खाली सोडायला आला. रस्त्यात म्हणाला, "शनिवारी माझं झालं नाही तरी चालेल. बाबांनी बेंगळुरूला बोलून ठेवलंय. तुझं काय?"

मी काजूच्या कारखान्याचं सांगितलं. तो म्हणाला, "काजू तरी खायला मिळतील की रे." मी हसलो. पण त्या रात्री पलंगाखाली मला कारखान्यातला भट्टीचा वास स्पष्ट येत होता आणि झोप येत नव्हती.

वरळी कोळीवाडा, गुरुवार

भात राखून ठेवल्याची भरपाई म्हणून मिहिर मला कोळीवाड्यात घेऊन गेला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून टोपली आली तर आपण कुणाच्या तरी घरात शिरायचं आणि त्या घरच्यांनी टीव्हीवरून नजरही काढायची नाही. पुढे होड्या होत्या, मागे समुद्रावरचा पूल, दोरीवर बोंबील सुकत घातलेले. हे बोंबील आमच्याकडल्यापेक्षा बारीक आहेत असं मी मिहिरला सांगत होतो, आणि फोटो काढायला वाकलो तेव्हा माझा मोबाइल एका कोळीणबाईंच्या बर्फाच्या पाण्यात पडला.

"काढ लवकर," त्या म्हणाल्या, "नाय तर पापलेटबरोबर तोलून देईन कोणाला तरी."

मी काढला. त्यांनी तो पदराने पुसून उन्हात बोंबलांशेजारी ठेवला आणि आम्हाला बसायला पाट दिला. बोंबील वाळायला वेळ लागतो तेवढाच त्यालाही लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तो वाळला, पण पुन्हा सुरू झाला नाही. नंतर बॅगेत सगळ्या कपड्यांना त्याचा वास लागला तो वेगळाच.

शुक्रवार आणि शनिवार

मुलाखतीत आधी पाच मिनिटं आपला विषय सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सांगायचा होता, भाषा कोणतीही. मी मराठी ठरवली, कारण इंग्रजीत माझी पाच मिनिटं वाक्यं जुळवण्यातच जातात. शुक्रवारी संध्याकाळी काकीसमोर बोलून बघितलं. ती कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती.

"प्रथिनाच्या साखळीला आपोआप घडी पडते," मी म्हटलं. "कुणीही घालत नाही. हीच निसर्गाची किमया आहे."

काकीने मान वर केली नाही. "कोण घालता घडी?"

"कुणी नाही. आपोआप."

"तुझ्या काकांका पण असाच वाटता," ती म्हणाली. "सकाळी शर्ट आपसूक घडी पडान खुर्येर येता. झिला, ह्या घरात आपसूक काय एक होणा नाय."

तिला प्रथिनांशी काही देणंघेणं नव्हतं. ती काकांवर चिडली होती. मी भाषणातलं "किमया" तेवढं खोडलं आणि झोपलो.

शनिवारी मुलाखतीला देवधर मॅडम होत्या आणि एक वयस्कर सर, जे डोळे मिटून बसले होते. मी बोलायला लागलो. भीतीने सकाळपासून पाठ केलेली वाक्यं विसरलो आणि चाळीचं सांगत सुटलो, चार नंबर, एकतीस नंबर, परबकाका, सगळं. मॅडमनी शांतपणे थांबवलं.

"चाळीतल्या माणसांना मागचं आठवतं," त्या म्हणाल्या. "अमिनो आम्लाला रेडिओ आठवत नाही. तुमची उपमा इथे तुटते, नाही का?"

"हो," मी म्हटलं. "तुटते."

घाबरून मी पुढचं वाक्य उरकलं, "तर अशा रीतीने प्रथिनाची घडी घातली जाते..."

सरांनी डोळे उघडले. "घातली जाते? कोण घालतं?"

मराठीत घडी घालतात, घडी पडते आणि घडी बसतेही. मी आठवडाभर "पडते" म्हणत आलो होतो आणि नेमक्या त्या क्षणी "घातली जाते" म्हणालो. सर बघत होते. मला काकीचा कपड्यांचा ढीग आठवला, आणि मग मॅडमनी सोमवारी फळ्यावर काढलेली आकृती आठवली. त्या आकृतीत साखळी काढलेली होती, पाणी काढलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, आपोआप पडते असं मी लिहून आणलं होतं. पण पेशीत सगळीकडे पाणी असतं. काही भाग पाण्याला टाळतात म्हणून आत वळतात. पाणी काढून घेतलं तर ती घडी बसणार नाही. काही साखळ्यांना तर दुसरी प्रथिनं येऊन सांभाळतात, चुकीचं काही चिकटू नये म्हणून. ती पुढे घडीत दिसत नाहीत. म्हणजे कुणी घालत नाही हे खरं, पण आपोआप हेही... आपण फक्त साखळीकडे बघतो म्हणून आपोआप वाटतं."

"मग आपोआप कशाला म्हणायचं?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि निकाल दोन आठवड्यांत फोनने कळेल म्हणाल्या. माझा मोबाइल गेलेला, बाबांच्या फोनला गावात रेंज मिळेल तेव्हा मिळते. मी काकांचा नंबर दिला. बाहेर आल्यावर मिहिरने कसं झालं विचारलं. मी सांगितलं की शेवटच्या प्रश्नाला माहीत नाही म्हणालो. "मी तीनदा म्हणालो," तो म्हणाला, "पण इंग्रजीत."

घरी

दोन आठवडे गेले, फोन आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मामा येऊन बसला आणि म्हणाला की जागा किती दिवस धरून ठेवायची. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सोमवारी येतो. आईने लालबागच्या मसाल्याची कोंबडी केली होती. ती मी जेवलो, पण चव सांगता येणार नाही.

रविवारी बाबांचा फोन वाजला. मी तो घेऊन रेंजसाठी विहिरीच्या कठड्यावर चढलो. पलीकडून तावडे बोलत होते.

"हां, ऐक रे. पुढची सभा मेच्या दुसऱ्या रविवारी ठेवलीय. तोपर्यंत तू आलेला असशील ना? बिल्डरचा आर्किटेक्ट येणार आहे, आपल्या बाजूने कोणीतरी पाहिजे."

"मी कशाला येईन?" मी म्हटलं.

"कशाला म्हणजे? तुझं ते प्रोटीनचं. दोन महिने. सगळ्या चाळीला माहीत आहे. परब तर बोलला, पोराला माझ्याकडे झोपू द्या, सहदेवच्या पलंगाखाली त्याची पाठ जाईल."

मी काकीला फोन द्यायला सांगितलं. तावडे गॅलरीतून चालत गेल्याचा आवाज आला, वाटेत त्यांनी दोघांना "त्याला ठाऊकच नाय" असं सांगितलं. मग काकी आली.

"तुका कोणी सांगूक नाय?" ती म्हणाली. "माका वाटला हेंनी सांगितल्यानी. हेंका वाटला तावड्यान सांगितल्यान."

"काकी, फोन कधी इलो?"

"झाले आठ-धा दिवस. हे फोन घराक इसारले होते, मीच घेतलंय. ती बाय म्हणाली, सांजेपर्यंत होय नाय ता कळवा, नायतर जागा दुसऱ्याक जाईत. तुझो फोन पाण्यात गेलेलो, भावजींचो लागणा नाय. तेव्हा मी म्हटलंय, होय, येता तो." मग तिने विचारलं, "मी चुकलंय काय रे?"

"नाय," मी म्हटलं, आणि फोन बाबांकडे द्यायला कठड्यावरून खाली उतरलो.